जुन्या वेगवान गाडीची चॅसी आणि सस्पेन्शनची माउंटिंग मजबूत करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत माझी फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. पोटासाठी ट्रॉल्या आणि मशीनचे स्टँड बनवतो, आणि एका कोपऱ्यात जुन्या गाड्यांची पोटं उघडून बसतो. एस्टीम, आयकॉन, पालिओ १.६, लान्सर, क्वचित एखादी जर्मन. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडून फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळे लिहून काढलेत. प्रश्न आले त्याच भाषेत ठेवलेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तर तिथला आकडा दिलाय.

१. गाडी वीस वर्षांची आहे, सरळ पळते, आवाज नाही. तरी मजबुतीकरण करायलाच पाहिजे काय?

नाही. वय झालं म्हणून कुणी पत्रा चढवत नाही. गाडी मूळ स्प्रिंगवर असेल, टायर मूळ मापाचे असतील आणि पत्र्याला भेग किंवा गंज नसेल, तर तुम्हाला नवे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी तुकडे), नवे शॉकअप आणि नवे टॉप माउंट (शॉकअपच्या डोक्यावरची रबरी बैठक) लागतील, वेल्डिंग नको. मजबूत करायला आणलेल्या बऱ्याच गाड्या मी एवढंच करून परत पाठवल्यात. "गाडी नवी झाली की रे" म्हणून फोनही आलेत.

गरज तीन प्रकारच्या गाड्यांना असते. भेग दिसलेली, गंजाने पत्रा पातळ झालेली, आणि कडक स्प्रिंग, रुंद टायर, वाढवलेलं इंजिन असं काहीतरी करून घाटात किंवा ट्रॅकवर हाणली जाणारी. तुमची यात बसते का ते आधी तपासा (प्र. ४).

२. चॅसी चॅसी म्हणता, माझ्या एस्टीमखाली तर चॅसी दिसतच नाही.

दिसणार नाही, कारण वेगळी चॅसी नाहीच. एस्टीम, आयकॉन, पालिओ, लान्सर या सगळ्या मोनोकॉक गाड्या. फ्लोअर, दाराखालच्या पोकळ पेट्या, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत), छप्पर हे पातळ पत्रे स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्याने, जोडले आणि तो सांगाडाच चॅसी झाला. जिप्सीला मात्र खाली शिडीसारखी खरीखुरी चॅसी असते, तिचं प्र. १७ मध्ये.

कुंद्याचा पुठ्ठ्याचा बॉक्स घ्या, अर्थात कुंदा संपल्यावर. झाकण लावून चिकटपट्टी मारा आणि दोन टोकं धरून पिळा. पिळत नाही. आता पट्टी काढून झाकण बाजूला ठेवा आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तेवढाच जाड आहे, तरी बॉक्स हातात वळतो. बंद पेटी आणि उघडी पेटी यात एवढाच फरक, आणि तो सगळ्यात मोठा फरक आहे. दाराखालची पेटी खालून गंजून उघडी पडली की गाडीचं तेच होतं. वर कितीही पट्ट्या लावा, ती पेटी पुन्हा बंद झाल्याशिवाय गाडी घट्ट होत नाही.

३. सस्पेन्शन जिथे बसतं तिथेच पत्रा का फाटतो?

कारण चाकाचा सगळा मार तळहाताएवढ्या जागेत येऊन पोहोचतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असतात तिथे, दोघांचाही भार स्ट्रट टॉवरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या उंचवट्याच्या) डोक्यावर, बहुधा दोन-तीन बोल्टमधून पत्र्यात उतरतो. एस्टीमला मागेही स्ट्रटच आहेत, म्हणजे असे चार टॉवर. खाली लोअर आर्मचं (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचं) ब्रॅकेट वेगळंच भोगत असतं: ब्रेक मारला की चाक मागे ओढलं जातं आणि ते ओढणं त्या ब्रॅकेटवर येतं. चोर्ला घाट साखळीच्या बाजूला उतरताना प्रत्येक वळणावर हेच चालू असतं.

एका मोठ्या खड्ड्याने पत्रा सहसा फाटत नाही, वाकतो. फाटतो तो लाखो वेळा किंचित हलल्यामुळे. सळईला बांधायची बाइंडिंग वायर हातात धरून इकडून तिकडे वाकवत राहा, जोर न लावता तुटते. तसंच हे. भेग नेहमी स्पॉट वेल्डच्या कडेला, भोकाच्या कडेला किंवा काटकोनी कोपऱ्यात सुरू होते, कारण ताण तिथे गोळा होतो.

त्यात गंज. समजा १.२ मिमीचा पत्रा खाऊन ०.८ मिमी झाला. लोकांना वाटतं एक तृतीयांश ताकद गेली. वाकण्याचा ताण जाडीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणजे तोच भार पेलताना त्या पत्र्यावर सव्वादोनपट ताण येतो. वरून रंग शाबूत असतो, म्हणून कळत नाही.

४. घरच्या घरी तपासता येतं काय? काय बघायचं?

येतं, आणि गॅरेजच्या घाईपेक्षा घरी रविवारी निवांत बरं होतं. गाडी खालून धुवा, दोन दिवस वाळू द्या. आपल्याकडची लाल माती व्हील आर्चच्या आतल्या घडीत जाऊन बसते, पावसाळा संपून दोन महिने झाले तरी आत ओलीच असते. ती काढल्याशिवाय काही दिसत नाही.

बॉनेट उघडा. टॉवरवरची रबरी टोपी काढा आणि टॉर्च आडवी धरा, वरून नाही. आडव्या उजेडात केसासारखी रेघ सावली टाकते. सांध्यावरचा सीलर तडकलाय का बघा. पत्रा हलल्याशिवाय सीलर सरळ रेषेत तडकत नाही. सांध्यातून तपकिरी ओघळ आलेला असेल आणि आजूबाजूला गंज नसेल, तर तो आतून येतोय. टॉवरच्या माथ्यावर स्टीलची पट्टी ठेवून डावा-उजवा ताडून बघा. एक बाजू कुत्र्याच्या छत्रीसारखी फुगलेली दिसली, तर शॉकअप खालून पत्रा वर ढकलतोय.

मग डिकीतलं कार्पेट आणि मागच्या सीटखालचं फेल्ट उचला. खाली लोअर आर्मच्या ब्रॅकेटभोवती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला बद्द. मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे आधीच्या मालकाने लांबी (पुटी) भरलीय.

शेवटची परीक्षा दोघांनी करायची. एकाने गाडीचा कोपरा वर-खाली दाबायचा, दुसऱ्याने संशयित सांध्यावर बोट ठेवायचं. भेग डोळ्याला दिसत नसली तरी बोटाला दोन पत्रे वेगवेगळे हललेले कळतात. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हातसुद्धा घालायचा नाही.

५. अलाइनमेंट केलं की महिन्यात बिघडतं. हे त्यातलंच काय?

असू शकतं. आधी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं. ते सगळं नवं असूनही आकडे टिकत नसतील, तर ज्या ब्रॅकेटवर ते बसलंय ते ब्रॅकेटच सरकतंय. प्र. ४ मधली बोटाची परीक्षा करा.

६. गंज आहे, पण वरून जाड पत्रा मारला की झालं ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त गाड्या यानेच वाया जातात. कुजलेल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही, धरल्यासारखा दिसतो. वर्षभरात नवा पत्रा जसाच्या तसा आणि त्याच्या कडेने जुना भुगा, असं हातात येतं. दोन पत्र्यांच्या मधे पाणी साठतं ते निराळंच.

चकाकता, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. दोन रुपयांच्या नाण्याएवढा डाग कापता कापता ताटाएवढा होतो, तेव्हा मालकाचं तोंड बघवत नाही. पण तिथेच थांबायचं नाही. मूळ जाडीचा पत्रा मूळ आकारात बसवून आधी दुरुस्ती पूर्ण करायची, आणि मजबुतीचा पत्रा नंतर त्यावर, लागलाच तर. सीटबेल्टचे बोल्ट याच फ्लोअरमध्ये असतात. तिथला गंज दिसला तर टॉवर राहू द्या बाजूला, आधी तो.

७. किती गेजचा पत्रा घ्यायचा? मिस्त्री म्हणतो पाच मिमी टाकू, आयुष्यात बघायला नको.

मिस्त्रीला चहा पाजा आणि पाच मिमी ट्रॉलीसाठी ठेवा. मोनोकॉकवर १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, किंवा १४ गेज म्हणजे २ मिमी, एवढ्यात बहुतेक काम होतं. खालचा पत्रा १ ते १.५ मिमीचा असतो. त्याच्या दुप्पट जाडीच्या वर गेलात की पॅच हलतच नाही, आणि सगळं हलणं पॅचच्या कडेवर येऊन पडतं.

हे मी स्वतःच्या एस्टीमवर शिकलो. मागच्या डाव्या टॉवरला ४ मिमीची प्लेट, चौकोनी, चारी बाजूंनी सलग वेल्ड. फार देखणी झाली होती, फोटोही काढले. वर्षभर कणकुंबीवरून गोव्याला जाणं-येणं झालं, आणि एके दिवशी तिसऱ्या रेल्वे गेटचे रूळ ओलांडताना मागून 'टक्' ऐकू आलं. कार्पेट उचललं तर माझी प्लेट ठणठणीत, आणि तिच्या कडेला समांतर, सुरीने कापल्यासारखी चार इंच भेग. मूळ गाडीत तिथे भेग नव्हती. ती मी आणली होती.

८. मग पॅचचा आकार कसा ठेवायचा आणि वेल्ड कुठे घ्यायचा?

काम भार पसरवण्याचं आहे. टॉवरच्या माथ्यावरचा भार बाजूच्या एप्रनमध्ये (चाकावरच्या आतल्या पत्र्यात), फायरवॉलमध्ये, पुढे जाणाऱ्या पेटीत पोचवायचा. म्हणून सपाट चकतीपेक्षा दोन पातळ्यांवर वळून जाणारा पत्रा चांगला: थोडा माथ्यावर, थोडा भिंतीवर उतरणारा. पुठ्ठ्याचा नमुना आधी कापा, गाडीवर धरून बघा, मगच पत्रा.

कोपरे गोल हवेत, निदान आठआणीएवढी गोलाई. पॅचचं टोक बोटासारखं निमुळतं काढलं तर ताण हळूहळू उतरतो. पॅचच्या मधे ८ मिमीची भोकं पाडून ती भरणारे प्लग वेल्ड घ्या आणि कडेला तुकड्यातुकड्याने, सलग नाही. वेल्डची सुरुवात किंवा शेवट कोपऱ्यावर येऊ देऊ नका. आधीची भेग असेल तर तिच्या अगदी टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, मग व्ही काढून वेल्ड भरा, घासा, आणि त्यावर पॅच. भेगेचं टोक सापडत नसेल तर रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची पूड टाका. भेगेत राहिलेलं रॉकेल खडूत रेघ काढून दाखवतं. मात्र ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावायच्या आधी रॉकेलचा थेंब राहू देऊ नका.

हे पत्रे लेझरवर कापून मिळतात. पण गाडीच्या दोन बाजू कधीच आरशातल्यासारख्या सारख्या नसतात. डाव्याचा नमुना उलटा करून उजव्याला बसेल असं धरू नका.

९. आमच्या गल्लीतला टिंकरवाला गॅसने करतो, दुसरा रॉडने. कुणाकडे देऊ?

माउंटिंगसाठी दोघांकडेही नको. गॅसची उष्णता फार मोठ्या भागात पसरते, पत्रा लाटा खातो. साध्या रॉडच्या मशीनने १ मिमी पत्र्यावर भोकं पडतात, आणि भोक भरण्याच्या नादात शेणाच्या गोवऱ्या थापल्यासारखा वेल्ड होतो. मिग, म्हणजे ज्याला आपण सीओटू वेल्डिंग म्हणतो, तेच हवं. वायर ०.८ मिमी. नुसत्या सीओटूने वेल्ड खोल जातो पण शिंतोडे जास्त. आर्गॉन मिसळलेला गॅस पातळ पत्र्यावर हातात राहतो. टिग (एका हाताने वायर भरत करायचं बारीक वेल्डिंग) येत असेल तर उत्तम, पण गाडीखाली उताणं झोपून टिग मारणारा माणूस मी अजून बघितला नाही.

वेल्डरची पारख साधी आहे. तुमच्याच गाडीच्या पत्र्याच्या जाडीचे दोन तुकडे द्या, जोडायला सांगा, मग व्हाइसमध्ये धरून हातोड्याने उलटे पाडा. वेल्डच्या बाजूचा पत्रा फाटला तर तो माणूस घ्या. वेल्डच सुटून आला तर धन्यवाद म्हणून या. उद्यमबागेत कास्टिंगवर हात बसलेले जबरदस्त वेल्डर आहेत, पण कास्टिंगवरचा हात तगडावर चालेलच असं नाही. "तगडू बेरे, कब्बिण बेरे," असं माझा कानडी जोडीदार म्हणतो: पत्रा वेगळा, लोखंड वेगळं.

१०. सीम वेल्डिंग केलं तर गाडी रॅलीच्या गाडीसारखी घट्ट होते म्हणतात. पूर्ण शेलला करून घेऊ?

रॅलीच्या शेलला, म्हणजे गाडीच्या नुसत्या सांगाड्याला, करतात हे खरं. कंपनी पत्रे स्पॉट वेल्डने ठरावीक अंतरावर जोडते. मधल्या जागेत सांधा किंचित हलतो. तिथे छोटे वेल्ड घेतले की हलणं कमी होतं. साधारण एक इंच वेल्ड, दोन इंच मोकळं, असं. सलग रेघ ओढायची नाही. पत्रा ओढला जातो आणि वेल्डच्या कडेला कडक, ठिसूळ पट्टी तयार होते.

रस्त्याच्या गाडीला पूर्ण शेल करू नका असं माझं स्पष्ट मत. प्रत्येक इंचामागे सीलर खरवडणं, घासणं, पुन्हा प्रायमर, पुन्हा सीलर आहे. एक सांधा उघडा राहिला की तिथून गंज. शिवाय पुढचा भाग धडकेत कुठे चुरगळायचा हे कंपनीने ठरवलेलं असतं, ते तुम्ही बदलता. टॉवरभोवतीचे, फायरवॉलला मिळणारे आणि मागच्या माउंटिंगचे सांधे एवढे केलेत तरी पुष्कळ. टॉवरच्या पुढे, बंपरच्या दिशेने जाणाऱ्या पेट्यांना हात लावू नका.

११. वेल्डिंग नको, नुसता स्ट्रट ब्रेस लावला तर?

टॉवर निरोगी असतील तर लावा. दोन टॉवरची डोकी एकमेकांकडे येणं-जाणं थोडं कमी होतं, स्टीअरिंग जरा नेमकं लागतं. पण सरळ दांडा हवा, मधे बिजागरी किंवा वळण असलेला नको. तो फक्त इंजिनाच्या वर छान दिसतो. ब्रेस वर-खालीचा भार अजिबात घेत नाही, त्यामुळे फुगलेला किंवा भेगाळलेला टॉवर त्याने वाचत नाही. आणि एका बाजूला धडक बसली तर तोच दांडा दुसरा टॉवरही वाकवू शकतो.

१२. वेल्डिंगने गाडी वाकडी होणार नाही ना?

निष्काळजीपणे केलं तर होते. सुरू करायच्या आधी मोजा. खाली सस्पेन्शनच्या बोल्टपासून बोल्टपर्यंत कर्ण, वर टॉवर ते टॉवर, टॉवर ते फायरवॉलवरची ठरावीक खूण, सगळं वहीत. ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या तरी चालतं, आजोबांच्या काळातलं तंत्र आहे पण मिलिमीटरात उत्तर देतं. दारं बसवलेली ठेवा. दाराची फट बदलली की लगेच कळतं.

गाडी नुसती जॅकवर लटकवून वेल्ड करू नका. मग ती ज्या अवस्थेत वाकलीय त्याच अवस्थेत पक्की होते. भार चारही बाजूंना सारखा वाटून स्टँडवर घ्या. दोन वेल्ड डावीकडे, दोन उजवीकडे, पत्रा हाताला सोसेल इतका निवला की पुढचे. संपल्यावर पुन्हा मोजा.

१३. लोअर आर्मचा बोल्ट नुसता फिरतोय, निघत नाही. आता काय?

पेटीच्या आत बसवलेला नट सुटलाय. घण घालू नका. पेटीला वरून किंवा बाजूने छोटी खिडकी कापा, नट पकडा, बोल्ट काढा, नवा नट प्लेटसकट वेल्ड करा, खिडकी परत बंद करा (उघडी पेटी का ठेवायची नाही ते प्र. २ मध्ये). बोल्टच्या डोक्यावर १०.९ लिहिलेलं असेल तर १०.९ चाच आणा, हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा नको.

यातच एक गोष्ट बरेच जण चुकतात. पोकळ पेटीतून आरपार बोल्ट टाकायचा असेल, तर आत मापाचा पाइप घालून तो दोन्ही बाजूंना वेल्ड करायचा. नाहीतर बोल्ट आवळताना पेटीच चेपते, दोन महिन्यांनी बोल्ट ढिला, परत आवळला की आणखी चेपते. आणि रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. लटकलेल्या अवस्थेत आवळला की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

१४. पॉली बुश घातले तर माउंटिंग वाचतील ना?

उलट. पॉली म्हणजे पॉलियुरेथेनचे कडक बुश. रबर जो धक्का गिळत होतं तो आता पत्र्यात जाणार. फाटलेल्या रबरापेक्षा पॉली बरं, कारण फाटलेलं बुश हातोड्यासारखं ठोकत असतं. पण चांगलं नवं रबर काढून पॉली टाकणार असाल, तर पत्रा आधी मजबूत, बुश नंतर.

१५. स्प्रिंग कापून गाडी खाली घेतलीय. आता टॉवर फुगलाय. पत्रा मारून देता?

पत्रा मारून देतो, पण स्प्रिंग बदलल्याशिवाय नाही. खाली घेतलेल्या गाडीत शॉकअपला जायला जागाच राहत नाही. प्रत्येक खड्ड्यात तो बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडसरावर) आदळतो आणि तो मार थेट टॉवरला. शिनोळीच्या पुढे पावसाळ्यानंतर रस्ता कसा होतो तो तुम्हाला ठाऊक आहेच.

१६. जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, ई-४६, स्वस्तात मिळतेय. मागचा सबफ्रेम फाटतो म्हणतात, खरं काय?

खरं. हे या मॉडेलचं जगजाहीर दुखणं आहे. मागचा सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती लोखंडी चौकट, चार रबरी माउंटमधून फ्लोअरच्या पत्र्याला लटकलेला असतो. गाडी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे गिअर टाकताना आणि सोडताना सबफ्रेम दर वेळी पुढे-मागे पिळतो. तो पीळ पातळ पत्र्यात आणि त्याच्या स्पॉट वेल्डमध्ये जातो, तिथून भेगा सुरू होतात. रबर म्हातारं झालं की भेगा पडायचा वेग वाढतो. मॅन्युअल आणि ताकदवान इंजिनात जास्त दिसतं, पण छोट्या इंजिनाच्या सुटतात असं नाही.

घेण्याआधी लिफ्टवर चढवून चारही माउंटभोवती बघा, अंडरकोटिंग ताजं मारलेलं असेल तर आणखी नीट बघा. दुरुस्ती म्हणजे सबफ्रेम खाली उतरवायचा, पेट्रोलची टाकी काढायची, भेगा थांबवून भरायच्या, आणि या गाडीसाठी आकार दिलेल्या प्लेटा चारही जागी वेल्ड करायच्या. भेगा वरच्या पत्र्यापर्यंत पोचल्या असतील तर डिकीच्या बाजूनेही आधार द्यावा लागतो. माउंट नवे टाकूनच परत बसवायचं. भेग नसतानाही हे आगाऊ करणारे लोक आहेत, आणि या एका गाडीबाबत मी त्यांच्याशी सहमत आहे.

१७. जिप्सीच्या शिडी चॅसीला हेच नियम लागू काय?

नाही. तिथे जाड लोखंडाच्या पेट्या आहेत, पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर आणि शॅकलची (स्प्रिंगच्या टोकाच्या झुलत्या कडीची) ब्रॅकेट त्यावर. भेग बहुधा हँगरच्या कडेला किंवा शॉकअपच्या ब्रॅकेटपाशी. इथे पॅच चौकोनी न कापता पतंगासारखा, टोकं लांबीच्या दिशेने काढा. चॅसीच्या वरच्या आणि खालच्या चेहऱ्यावर आडवा, म्हणजे रुंदी ओलांडणारा वेल्ड कधी घेऊ नका. सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो आणि तो वेल्ड म्हणजे 'इथून तोडा' अशी खूण.

१८. २०१५ नंतरची गाडी आहे. हेच सगळं चालेल?

नाही. नव्या गाड्यांत जागोजागी उच्च ताकदीचं आणि बोरॉनचं पोलाद असतं. ते वेल्डच्या उष्णतेने नरम पडतं. कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत जे लिहिलंय तेवढंच.

१९. वेल्डिंगला गाडी देताना काय काय काढून द्यायचं?

बॅटरी पूर्ण काढा. ईसीयूचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरचे) प्लग सोडा. एअरबॅग असेल तर बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्यावर तिचे प्लग. वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या अगदी जवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून फिरून जाणार नाही. पेट्रोलच्या पाइपजवळ काम असेल तर पाइप काढा, टाकीजवळ असेल तर टाकी.

आणि कार्पेट, फेल्ट, सीट सगळं बाहेर. एका आयकॉनमध्ये मी 'एवढ्याशा कामाला कशाला' म्हणून फेल्ट नुसतं दुमडून ठेवलं. वेल्ड संपला, चहाला गेलो, परत आलो तर डिकीतून पांढरा धूर. ज्वाळा नव्हत्या, फेल्ट आतल्या आत धुमसत होतं. तेव्हापासून वेल्ड संपल्यावर अर्धा तास कुणी शेड सोडत नाही, आणि एक माणूस पाण्याची बादली घेऊन पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला बसतो. ठिणगी वेल्डर बघतोय त्या बाजूला कधीच पडत नाही.

२०. काम झाल्यावर पुन्हा गंज येऊ नये म्हणून? आणि पावसाळ्यात करून घेतलं तर चालेल?

एकावर एक येणाऱ्या पत्र्यांच्या मधे वेल्ड होणारा जिंक प्रायमर आधीच मारायचा. नंतर तिथे ब्रश पोचत नाही. वेल्डनंतर काजळी आणि शिंतोडे घासून काढा, एपॉक्सी प्रायमर, सीम सीलर, रंग, मग खालून अंडरकोटिंग. पोकळ पेट्यांत नळीने मेण मारा. वेल्डच्या आतल्या बाजूचा रंग जळलेला असतो आणि तो फक्त मेणानेच झाकता येतो. पाणी निघून जायची भोकं सीलरने बुजवू नका. हे मी प्रत्येक वेल्डरला सांगतो आणि तरी प्रत्येक गाडीत एखादं बुजलेलं सापडतं.

जुलै-ऑगस्टमध्ये नको. घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पिवळा पडतो आणि प्रायमर ओलाव्यावर बसतो. दिवाळी ते मे हा काळ घ्या. भेग चालू असेल तर वेल्ड कधीही करा, रंगाचं नंतर बघू.

२१. आरटीओला चालतं काय? गाडी एमएच-०९ आहे, मी राहतो बेळगावात.

पासिंग कुठलंही असो, मोटार वाहन कायदा देशभर एकच. कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर निकालही दिला आहे. गंजलेला पत्रा मूळ जाडीत बदलणं, भेग भरणं ही दुरुस्ती. आत लपलेली छोटी मजबुतीची प्लेट कुणाच्या नजरेत येत नाही, पण पूर्ण शेल बदललं, व्हीलबेस बदलला, इंजिन बदललं तर ती वेगळी गोष्ट. खासगी गाडीचं नोंदणीपत्र १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा गाडी तपासली जाते. कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो आणि बिल ठेवा.

एक गोष्ट मात्र काळ्या दगडावरची रेघ. चॅसी नंबर ठोकलेल्या पत्र्याजवळ ग्राइंडर नेऊ नका. काम सुरू करण्याआधी तो नंबर कुठे आहे ते शोधा, त्यावर मास्किंग टेप चिकटवा आणि वेल्डरला बोटाने दाखवा.

२२. रोल केज टाकला तर सगळेच प्रश्न सुटतील की.

ट्रॅकच्या गाडीत, हेल्मेट आणि हार्नेससकट, हो. रस्त्यावर बिनहेल्मेटच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर लोखंडी पाइप ठेवून तुम्ही कुठे निघालात? कायद्याचा प्रश्न प्र. २१ प्रमाणे आहेच.

२३. गोव्याची गाडी आहे, एकदम चकाचक, भावही कमी. घेऊ?

समुद्राकाठी उभी राहिलेली गाडी वरून चकाचकच असते. प्र. ४ चं सगळं करा, त्यात दाराखालच्या पेटीचं खालचं टोक आणि मागचे व्हील आर्च दोनदा. सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या गाड्यांनाही तेच.

२४. तुमच्या शेडवर आणून दाखवू काय?

रविवार सोडून आणा. खालून धुऊन आणा. लाल चिखल खरवडण्यात माझा अर्धा दिवस जातो, आणि त्याचे पैसे मी लावतो.